काचेवरच्या पाच टिकल्या

मला राग लवकर येतो आणि चूक उशिरा कळते. घरी हे सगळ्यांना ठाऊक आहे. नौपाड्यातल्या त्या दवाखान्यात ते मी पाच खेपांमध्ये दाखवून दिलं, आणि सहाव्या खेपेला काय झालं ते आता लिहून काढतोय. तोंडाने सांगायला गेलो की मी मध्येच कुठेतरी स्वतःची बाजू घेतो, म्हणून लिहितोय.

मी शौनक. डोंबिवलीला राहतो. दुकानं, दवाखाने, वाचनालयं यांना लिनक्सवर चालणारे संगणक बसवून देतो. एकटाच आहे, त्यामुळे मालक मीच आणि माझ्या चुका काढायला वर कुणी नाही. कुणी नुसतं विचारलं, "यात विंडोज का नाही हो?", तर त्याला मी अर्धा तास सोडत नाही. माझी बायको विनिता म्हणते, लोक मशीन घ्यायला येतात आणि प्रवचन ऐकून जातात.

दवाखाना धर्मादाय आहे, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर. रोज दीड-दोनशे पेशंट, त्यातले बरेचसे म्हातारे. काउंटरवर मालनताई बसायच्या. वय पन्नाशीचं, आंबिवलीहून यायच्या, सकाळी आठला कुलूप उघडायला हजर. अकरा वर्षांपूर्वी त्या तिथे झाडू-पोछ्याला लागल्या होत्या. पुढे केसपेपर लिहिणारी बाई बाळंतपणाला गेली, तिच्या जागी चार दिवस म्हणून यांना बसवलं आणि यांचं अक्षर बघून तिथेच ठेवलं. पण कागदोपत्री त्या अजून सफाईतच होत्या. काउंटरची जागा त्यांच्या नावावर कायम करायची की नाही, हे दवाखान्याची समिती दिवाळीआधीच्या बैठकीत ठरवणार होती. व्यवस्थापक महेंद्र यांनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बाई हुशार आहेत. फक्त मशीन जमलं पाहिजे," असं म्हणाले होते. तेव्हा मला काही माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

मशीन साधं होतं. काउंटरवर टचस्क्रीन. तिच्यावर एका ओळीत पाच चौकोन: नवीन रुग्ण, डोळे, दात, कान, हाडं. पेशंटला काय होतंय ते विचारायचं, चौकोनावर बोट ठेवायचं, बाजूच्या प्रिंटरमधून नंबराची चिठ्ठी निघते, ती फाडून हातात द्यायची. हॉलमध्ये भिंतीवर एक टीव्ही, त्यावर कुठल्या खोलीत कितवा नंबर चालू आहे ते दिसतं. दोन्ही एकाच संगणकाला जोडलेले. बसवलं त्या शनिवारी मी दोन्ही आधीच चालू करून ठेवले, मग संगणक सुरू केला आणि पाचही चौकोन दाबून बघितले. सगळं चोख.

आठवड्याभरात महेंद्रचा फोन आला. डोळे दाबलं की दातांची चिठ्ठी येते, दात दाबलं की हाडांची, आणि कान किंवा हाडं दाबलं तर काहीच येत नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला गेलो, पेशंट जमायच्या आत. पाचही चौकोन दाबले. नीट चालत होते. मालनताईंनी दाबले, तरी नीट.

"आत्ता चालेल हो सर," त्या म्हणाल्या. "साडेनऊला टीव्ही लावतात ना, तेव्हापासून बिघडतं."

दुखणं आणि त्याचं कारण, दोन्ही त्यांनी एका वाक्यात माझ्या हातात ठेवलं होतं. मी हसलो. म्हटलं, "ताई, टीव्हीचा आणि याचा काय संबंध? उद्या म्हणाल, पंखा लावला की नळ बंद होतो."

दवाखान्यात एक तक्रारवही आहे. कोण काय दुरुस्त करून गेलं ते तिच्यात लिहायचं असतं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'वापरणाऱ्याची चूक', आणि खाली झोकदार सही केली. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेलाही मी सकाळीच गेलो, मशीन नीटच चालत होतं, आणि तेच दोन शब्द लिहून आलो. प्रत्येक वेळी सही थोडी मोठी होत गेली.

चौथ्या वेळी महेंद्रनी बजावून अकरा वाजता बोलावलं. हॉल भरलेला होता. टीव्ही चालू. मालनताईंनी माझ्यासमोर कान दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि डावीकडचा पहिला चौकोन, नवीन रुग्ण, कडेशी टोचला. चिठ्ठी निघाली. तीनदा टोचला, तीन चिठ्ठ्या निघाल्या.

"कान दाबून बघा ना सर," त्या हळूच म्हणाल्या.

"एक चालतं म्हणजे सगळी काच चालते. माझं बोट कळतंय तिला, तुमचं कळत नाहीये." आणि मग त्यांच्या हाताकडे बघून मी म्हणालो, "इतकी वर्षं फिनेलमध्ये हात घातलेत, बोटांची कातडी मेलीय तुमच्या. काचेला बोट लागलेलं समजतच नाही."

हे मी चाळीस-पन्नास लोकांसमोर म्हणालो. आवाज माझा मुळातच मोठा आहे. मालनताईंनी हात पदराखाली घेतला. रांगेतली एक म्हातारी स्वतःच्या बोटांकडे बघायला लागली. मला वाटलं, मी किती शास्त्रीय कारण दिलं.

त्यानंतरच्या आठवड्यात चिठ्ठीची एकही तक्रार आली नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फोन आला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. समितीतले एक गृहस्थ चक्कर मारून गेले होते आणि काउंटरच्या स्क्रीनवर काहीतरी चिकटवलेलं त्यांना आवडलं नव्हतं.

मी गेलो. काचेवर टिकल्या होत्या. लाल, गोल, शेंगदाण्याएवढ्या. पाच. माझं डोकंच फिरलं. आधी मी मोबाइलवर फोटो काढला, मग नखाने एकेक टिकली खरवडून काढली.

"हा काय घरचा आरसा आहे का ताई? नवीन कोरी काच आहे ही."

"सर, राहू द्या ना. त्यांच्यावरच दाबते मी."

"टिकल्यांवर दाबून मशीन चालत नाही. नाचता येईना अंगण वाकडं."

हॉलमध्ये दोघं-चौघं हसले. मला ते बरं वाटलं, हेही लिहायला हवं. वहीत पाचव्यांदा तेच दोन शब्द लिहिले आणि ट्रेनमध्ये बसल्यावर तो फोटो आमच्या लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'नवीन थीम बसवली आहे'. एकतीस जण हसले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो फोटो मी विनितालाही दाखवला. तिनेही हसावं अशी माझी अपेक्षा. ती हसली नाही. तिने फोटो मोठा केला.

"आरशावर बाई अशी टिकली लावत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आरशावर कडेला लावतात. मध्ये लावली तर तोंड कसं दिसेल? आणि तिथे कुणी रांगेत नाही लावत. जिथे हात जाईल तिथे. या बघ, एका रेघेत आहेत. अंतर सारखं. आणि सगळ्या डाव्या अर्ध्यात. उजवीकडे एक तरी आहे का?" तिने मोबाइल माझ्या हातात परत दिला. "हे मोजून लावलंय, शौनक. कशासाठी लावलंय, ते विचारलंस का त्यांना?"

मी विचारलं नव्हतं. लॅपटॉपवर फोटो उघडला आणि मोजायला बसलो. मोजायची गरज नव्हती खरं तर. दुसऱ्या टिकलीलाच सगळं कळून चुकलं होतं.

बोट काचेवर पडलं की काच काही 'डोळे' किंवा 'दात' असं म्हणत नाही. ती नुसते आकडे पाठवते: डावीकडून इतकं, वरून इतकं. ते पडद्यावर कुठे बसवायचे ते संगणक ठरवतो. एकच पडदा असेल तर प्रश्न नाही. दुसरा जोडला की माझं लाडकं लिनक्स दोन्ही मिळून एक लांबलचक पडदा धरतं आणि काचेची रुंदी त्या सगळ्या लांबीवर ताणून बसवतं. मग काचेच्या बरोबर मध्ये ठेवलेलं बोट टचस्क्रीनच्या उजव्या कडेला जाऊन पडतं. काचेच्या उजव्या अर्ध्या भागावर ठेवलेलं बोट तर थेट हॉलमधल्या टीव्हीवर उमटतं, आणि तिथे दाबायला काहीच नसतं. अगदी डाव्या कडेला मात्र फरक इतका थोडा की जाणवतही नाही. मी त्या दिवशी तीनदा टोचला तो चौकोन डाव्या कडेचाच होता.

हे होऊ नये म्हणून संगणकात सूचनेची एक ओळ लिहावी लागते: ही काच याच पडद्याची. ती मी लिहिली होती. पण ती ओळ संगणक सुरू होताना एकदाच चालायची, सकाळी आठला, आणि तेव्हा टीव्ही बंद असायचा. पडदा एकच दिसायचा, ओळीला करण्यासारखं काही नसायचं. साडेनऊला महेंद्र टीव्ही लावायचे, पडदा दुप्पट व्हायचा आणि ती ओळ पुन्हा चालवायची सोय मी ठेवलेलीच नव्हती. टीव्ही लागला की बिघडतं, असं त्या म्हणाल्या होत्या. ते शब्दाला शब्द खरं होतं. इंटरनेटवर याच अडचणीचं उत्तर मी आजवर तीन अनोळखी माणसांना लिहून दिलं आहे, तेही किती सौजन्याने.

आणि मालनताईंना हे काही कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी चौकोनामागून चौकोन दाबून बघितला असेल, चिठ्ठ्या फुकट घालवल्या असतील, आणि शोधून काढलं असेल की टीव्ही चालू असताना डाव्या कडेपासून चौकोन जेवढा लांब दिसतो, त्याच्या निम्म्यावर बोट ठेवायचं. पाच चौकोन, पाच टिकल्या. प्रत्येक टिकली निम्म्या अंतरावर, दोन-तीन मिलिमीटरचा फरक. मी जे पाच खेपांत केलं नाही ते त्यांनी कपाळावरच्या टिकल्यांनी केलं होतं, आणि मी ते नखाने खरवडून टाकलं होतं. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते घातलं होतं मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विनिता स्वयंपाकघरातून म्हणाली, "उद्या जाऊन सांगून ये." मी हो म्हणालो.

गेलो नाही. सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यातला संगणक सुरू झाला, तसा घरूनच इंटरनेटवरून त्यात शिरलो आणि टीव्ही लागला की ती ओळ आपोआप पुन्हा चालेल अशी व्यवस्था केली. सगळं मिळून चार मिनिटांचं काम. फोन केला नाही. फोन केला असता तर काय बदललं ते सांगावं लागलं असतं, मग का बदललं ते, मग आधी काय होतं ते. मशीन आता नीट चालेल, ताई आनंदात राहतील, झाकली मूठ तशीच राहील, असा माझा हिशेब. भेकड माणसाचे हिशेब नेहमी असे सोयीचे असतात.

साडेबाराला महेंद्रचा फोन.

"शौनक, आज मालनताईंनी कहर केलाय. हाडांचा पेशंट दातांकडे, कानाचा डोळ्यांकडे. काळुराम म्हणून एक आजोबा आहेत, कोलशेतहून गुडघा दाखवायला आलेले. दीड तास दातांच्या खोलीबाहेर बसले. नंबर आल्यावर कळलं. तोवर हाडांचे डॉक्टर निघून गेलेले."

मला लगेच समजलं, आणि तरी मी विचारलं, "कधीपासून?"

"साडेनऊपासून. आधी बरं चाललं होतं. मग सहा-सात चिठ्ठ्या चुकल्या, ते त्यांच्या लक्षात आलं, मग त्या इतक्या घाबरल्या की प्रत्येक बटण दोनदा-तीनदा दाबून बघायला लागल्या. रांग पार रस्त्यावर गेली. शेवटी अक्षदाला बसवलं तिथे. लॅबमधली पोरगी. ती झकास करतेय, मशीनमध्ये काही प्रॉब्लेम नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या चारला समितीची बैठक आहे. मला वाईट वाटतंय, पण तुम्हीच पाच वेळा लिहून दिलंय ना. वही समोर ठेवली की विषय संपला. त्यांना आत ड्रेसिंगच्या खोलीत दिलंय. पुढे परत सफाईत."

साडेनऊला टीव्ही लागला होता. टीव्ही लागला की निम्म्यावर, हे त्यांच्या बोटाला पाठ झालं होतं. टिकल्या मी काढल्यावरही त्या आठवणीने तिथेच दाबत होत्या आणि बरोबर चिठ्ठ्या काढत होत्या. बिघडलेलं मशीन त्यांनी वळवून घेतलं होतं. मी कुणाला न सांगता ते सरळ केलं, आणि त्यांचं शिकलेलं सगळं एका सकाळीत चुकीचं ठरवलं. पहिली चूक अज्ञानाची होती असं म्हणता येईल. ही दुसरी नुसत्या लाजेपायी केली होती.

मंगळवारी मी दहा वाजता नौपाड्यात पोचलो. महेंद्रकडे न जाता आधी ड्रेसिंगच्या खोलीत गेलो. मालनताई स्टुलावर बसून कापसाचे बोळे करून डब्यात भरत होत्या. मला बघून उठल्या. ते उठणं मला फार लागलं.

मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. टीव्ही, काच, ती ओळ, टिकल्या, कालचे ते चार मिनिटांचे उद्योग. खाली बघूनच बोललो. शेवटी म्हणालो, "चूक तुमची कधीच नव्हती. माझी होती."

त्यांनी बोळा पुरा केला आणि डब्यात टाकला.

"हे मला का सांगताय?"

"म्हणजे?"

"मला माहितीये ना, माझी चूक नव्हती ते. मी दाबत होते, मला दिसत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." मग बंद दाराकडे बघून म्हणाल्या, "बोललेलात बाहेर हॉलमध्ये. आता दार लावून सांगताय."

मी दार उघडलं आणि महेंद्रच्या खोलीत गेलो.

महेंद्र भला माणूस. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, मग माझीच काळजी करायला लागले. "असं करा, वहीत लिहा 'तांत्रिक बिघाड, दुरुस्त केला'. खोटंही नाही आणि कुणाचं नावही नाही. बाईंचं काम होईल आणि तुमचीही अब्रू राहील. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाखेचं काम आहे आपल्याकडे."

मला तो शब्द फार आवडला, खोटं कशाला बोलू. तांत्रिक बिघाड. जणू पावसाने झाला, उंदराने केला. मी पेन उचलून 'तांत्रि' इथपर्यंत लिहिलंही. मग वरच्या पानावर माझ्या पाच झोकदार सह्या दिसल्या. मालनताईंसाठी मला असा मवाळ शब्द एकदाही सुचला नव्हता. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'वरील पाचही नोंदी चुकीच्या आहेत. चूक बसवणाऱ्याची होती. मालनताईंनी दोष पहिल्याच दिवशी बरोबर सांगितला होता. मी ऐकला नाही. काल, सोमवारी, झालेला गोंधळ मी न सांगता केलेल्या बदलामुळे झाला.' खाली नाव आणि सही. सही या वेळी लहान आली.

महेंद्रनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. हेच समितीपुढे ठेवतो."

मी वही घेऊन हॉलमध्ये गेलो. टीव्ही चालू होता, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. काउंटरवर अक्षदा. मालनताई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी वाचायला लागलो आणि कळलं की माझा आवाज, जो एरवी गल्लीत ऐकू जातो, तो पहिल्या ओळीपलीकडे जात नाहीये. मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्याने बोला, काय झालंय?" पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं.

खिडकीजवळचे एक आजोबा गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "म्हणजे काल माझा गुडघा दातवाल्याकडं गेला, तो तुमच्यामुळं?"

"हो काका."

"आणि मी या बाईला बोल बोल बोललो." काळुराम आजोबा हेच, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी दाराकडे बघून कपाळापर्यंत हात नेला. मालनताईंनी मान हलवली.

मला वाटलं, झालं. मी वही मिटली.

"सर," मालनताई दारातूनच म्हणाल्या, "एक राहिलं."

आवाज चढलेला नव्हता. काय राहिलं ते मला ठाऊक होतं. वहीत ते नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं होतं. त्या विसरल्या असतील अशी मला आशा होती.

"फिनेलचं," मी म्हणालो.

"हां."

मग मला लोकांकडे तोंड करून सांगावं लागलं की मी त्यांच्या बोटांबद्दल काय म्हणालो होतो, याच जागी उभा राहून, आणि ते कसं धडधडीत खोटं होतं. त्यांचं बोट काचेला पहिल्या दिवसापासून कळत होतं. काच ते टीव्हीवर नेऊन टाकत होती, माझ्यामुळे. चाळीस वर्षांचा होत आलोय, शाळेनंतर इतकी लाज कधी वाटली नव्हती. रांगेत स्वतःची बोटं बघणारी ती म्हातारी आज नव्हती. तिला कोण सांगणार आहे, कुणास ठाऊक.

पुढचं सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्याचीच वाट बघाल. चारच्या बैठकीत समितीने वही वाचली आणि काउंटरची जागा मालनताईंच्या नावावर कायम केली. ग्रुपवरही मी त्या रात्री जेवणाआधी सगळं खरं लिहिलं, फोटोतल्या टिकल्यांचा अर्थ सांगितला. दोघांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. हसायला एकतीस जण होते.

पण बैठक व्हायची होती, तेव्हाची गोष्ट सांगायची राहिलीय. महेंद्रनी हॉलमध्येच अक्षदाला उठायला सांगितलं आणि मालनताई खुर्चीवर बसल्या. रांगेत पहिले काळुराम आजोबा. मी काउंटरच्या बाजूला उभा होतो. सगळा हॉल मालनताईंच्या हाताकडे बघत होता. ताईंनी टीव्हीकडे एकदा नजर टाकली आणि बोट टेकलं, जिथे शेवटची टिकली होती तिथे. निम्म्यावर.

चिठ्ठी निघाली. दातांची.

कुणी हसलं नाही. मीच घाईने पुढे झालो. "माझीच चूक आहे ही," मी मोठ्याने म्हणालो. या वेळी आवाज नीट निघाला होता. खरं सांगतो, तसं म्हणताना मला थोडं हलकंही वाटलं. चूक कबूल करायची गोडी लागते माणसाला.

मालनताईंनी चिठ्ठी फाडून बाजूला ठेवली.

"नाही सर. ही माझी आहे," त्या म्हणाल्या. "सवय झालीये बोटाला, जाईल दोन दिवसांत. तुमची तुम्ही लिहिलीत ना वहीत? मग माझी मला राहू द्या. आणि जरा बाजूला व्हा, काका उभे आहेत."

मी बाजूला झालो. त्यांनी हाडांच्या चौकोनावर सरळ बोट ठेवलं आणि चिठ्ठी काढून आजोबांच्या हातात दिली.